अण्णांच्या दाढीचा नकाशा

त्या सकाळी अण्णा न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडावर वर्तमानपत्राचे पाच कपटे चिकटलेले होते, प्रत्येकाच्या मधोमध एक लाल ठिपका. हनुवटीवरच्या कपट्यावर 'हवामान कोरडे राहील' एवढं वाचता येत होतं. मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच अडकलं, कारण डाव्या गालावर दाढी तशीच होती. अण्णांनी दाढी अर्धी सोडली होती. एकोणऐंशी वर्षांच्या या माणसाने अर्धवट सोडलेली गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती. न आवडलेलं पुस्तकसुद्धा ते शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि मगच त्याला नावं ठेवत. त्यांनी खुर्ची ओढली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "झालं. हात गेला." जसा काही हात म्हणजे ओळखीचा एक गृहस्थ होता आणि सकाळच्या गाडीने निघून गेला होता. मी म्हटलं, पातं बोथट असेल. ते म्हणाले, पातं कालच बदललंय. मग आम्ही दोघं बराच वेळ चहा प्यायलो.

घरात आम्ही दोघंच. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, दादा दुसऱ्या शहरात असतो, आणि माझं लग्न राहून गेलं. कुणी अडवलं नव्हतं; मीच प्रत्येक स्थळाकडे नमुना तपासायला आल्यासारखी बघायची आणि एकेक बाटली परत जायची. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गेली बावीस वर्षं शहरातल्या नळांचं, टाक्यांचं, विहिरींचं पाणी माझ्या टेबलावर येतं आणि माझी सही घेऊन जातं. नोकरी लागली त्या दिवसापासून अण्णा मला 'साहेब' म्हणतात. चेष्टेने सुरू झालं आणि मग तेच नाव पडलं. त्यांचा स्वतःचा फोटोंचा स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी अनोळखी माणसांच्या हनुवट्या दोन बोटांनी उचलून उजेडाकडे वळवल्या. माझी मात्र कधी उचलली नाही. आमच्या घरात माया भरपूर होती, फक्त ती हाताला लागत नसे. लहानपणी मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांची दाढी बघायची आणि ते ब्रशने माझ्या नाकावर फेसाचा ठिपका द्यायचे, तेवढाच काय तो स्पर्श. मग मी अकरा वर्षांची झाले आणि एके दिवशी दाराला आतून कडी लागली. मोठं होणं म्हणजे हेच असावं, असं मी तेव्हा धरून चालले आणि आजतागायत तसंच चालत आले आहे.

कपट्यांची गंमत मी दादाला फोनवर सांगितली, आणि ती माझी पहिली चूक. दादा हसला नाही. त्याने विचारलं, गॅस कोण लावतं? जिना किती पायऱ्यांचा? तू नऊ तास बाहेर असतेस, आणि ज्याला रेझर धरवत नाही त्याला उकळतं भांडं धरवेल का? दादा चूक बोलत नव्हता, हीच अडचण होती. तो म्हणाला, तीन आठवड्यांनी येतो, रविवारी सकाळी, डोळ्यांनी बघतो. खरंच तसं असेल तर अण्णांना घेऊन जातो. त्याचं घर मोठं, वहिनी मनाची मोठी, दिवसभर सोबतीला माणूसही ठेवला असता. तिथे अण्णांना कसलीच ददात नसती. फक्त ते तिथे पाहुणे झाले असते, आणि पाहुणा म्हणून जगायचं कसं हे त्यांना ठाऊक नाही. आणि मी? मी इथे एका कपाचा चहा करत राहिले असते. मला अण्णा माझ्याजवळ हवे होते, हे सरळच लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना दवाखान्यात नेलं; डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला, तो किंचित थरथरला, आणि ते म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. 'वयाच्या मानाने' हे शब्द अण्णा दवाखान्यापासून घरापर्यंत तोंडात घोळवत आले. त्या दिवसापासून त्यांनी खाली जाणं बंद केलं. खालच्या बाकावर संध्याकाळी तिघे जण त्यांची वाट बघत: एक निवृत्त गार्ड, एक निवृत्त वकील आणि एक नुसताच निवृत्त. वर बघून ते हात करत. अण्णा पडद्याच्या आत सरकत. पांढरे खुंट वाढलेला तो चेहरा घेऊन ते कुणासमोर जायला तयार नव्हते, आणि दाढी करायचं मशीन मी नुसतं सुचवलं तेव्हा म्हणाले, मी काय हिरवळ आहे?

चौथ्या दिवशी मी म्हटलं, मी करते. ते आधी हसले. मग त्यांना कळलं की मी थट्टा करत नाहीये, आणि ते लाजले. ऐंशीला आलेला माणूस लाजतो तेव्हा कानापासून लाजतो. बाईमाणसाने पुरुषाची दाढी करायची म्हणजे काय, असं काहीतरी ते पुटपुटले. मी म्हटलं, तुम्ही चाळीस वर्षं बायकांच्या हनुवट्या धरल्यात, तेव्हा कुणाला विचारलं होतं? दादाला काय सांगायचं, यावर आम्ही दोघांनीही अवाक्षर काढलं नाही, पण रविवारी गुळगुळीत हनुवटी दिसली की दादा आपोआप समजायचं ते समजेल, हा डाव दोघांच्याही मनात होता. जन्मभर प्रामाणिक राहिलेल्या दोन माणसांना लबाडी करायची वेळ आली की ती एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत. तसे आम्ही दोन दिवस वावरलो.

मग शिक्षण सुरू झालं. पहिला आठवडा मला रेझरला हात लावायची परवानगी नव्हती. फक्त फेस. ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, चहा होईस्तोवर. मग झटकायचा, पण कोरडा करायचा नाही. साबणाच्या वडीवर गोल फिरवायचा, दाबायचा नाही. "तू भांडी घासतेयस," ते म्हणत. मग वाटीत घोळवायचा, आणि पाणी थेंबाथेंबाने. फेस चकाकला पाहिजे, ब्रश उचलला की त्याचं टोक उभं राहिलं पाहिजे आणि जरासं वाकलं पाहिजे, बस. माझा फेस उभाच राहत नव्हता. आधी मोठमोठे बुडबुडे, मग काठावर करडी साय, आणि बघता बघता सगळं बसून खाली पाणी. दूध नासावं तसा तो नासायचा. मी साबण वाढवला, ब्रश बदलला, दुकानदाराने शपथेवर दिलेली महागडी वडी आणली, वाटी गरम करून पाहिली. अण्णा खुर्चीत टॉवेल लावून बसल्या बसल्या म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मी मनगट सैल ठेवायला शिकले, रात्री स्वप्नातसुद्धा वाटी ढवळली, पण दर सकाळी तीच रड. शेवटी दुप्पट साबण घालून घाईघाईने लावायचा आणि तो बसायच्या आत तेवढा भाग उरकायचा, अशी एक ओढाताणीची पद्धत आम्ही पाडली. फेस करता करता माझ्या मनात येई, की माझ्या हातून आयुष्यात बरंच काही असंच झालंय, उभं राहतंय न राहतंय तोच बसलंय. मग मीच स्वतःला दटावायची, बाई गं, हा साबण आहे.

दुसऱ्या आठवड्यात रेझर हातात आला. आधी मी स्वतःच्या हातावर सराव केला, तर अण्णा म्हणाले, तुझ्या कोपराला दाढी असती तर उपयोग होता. मग एका मंगळवारी मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांची हनुवटी उचलली. उजेडाकडे वळवली. म्हाताऱ्या गालाची कातडी इतकी मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं; ती बोटांमागून येत होती, ताणली की पुढे तरुण माणसाचा गाल निघत होता आणि सोडला की परत अण्णा. रेझर दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने चालू द्यायचा, तीस अंशांत धरायचा, छोटे छोटे हात मारायचे, दर दोन हातांनी पातं धुवायचं. आधी केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवं. उलटं कधीच नाही. पण दिशा कुठे एक होती? उजव्या गालावर केस खाली उतरत होते, डाव्यावर कानाकडे पळत होते, गळ्यावर चक्क भोवरा होता. सवयीप्रमाणे मी वही काढली, चेहऱ्याची बाह्यरेषा काढली आणि बाण दाखवत गेले. अण्णांनी तो नकाशा चष्मा लावून बघितला. म्हणाले, साठ वर्षं या मुलखात राहतोय, नकाशा आज बघितला. त्या दिवशी दोनच काप पडले. तिसऱ्या दिवशी एक. वरून तुरटी फिरवताना ते डोळे मिटून सुस्कारा सोडत. आमच्या खात्यात तुरटी टनांनी येते, गढूळ पाणी निवळायला. इथे ती कापडात गुंडाळलेली, सुपारीएवढी होती, आणि मला वाटत होतं की इतकी वर्षं मी फुकटच मोठ्या टाक्यांकडे बघत राहिले.

मी खुशीत होते. याचं मला नवल वाटायचं, थोडी लाजही. बापाचा हात गेलाय, भाऊ न्यायला येतोय, आणि ही बाई बसमध्ये गुणगुणतेय. पण खरं सांगायचं तर सकाळची ती पंचवीस मिनिटं मला दिवसभर पुरत होती. दाढी करता करता अण्णा बोलायचे, ओठ न हलवता, त्यामुळे गोष्टी अर्ध्यामुर्ध्या यायच्या. आईचा पहिला फोटो त्यांनी तीनदा मुद्दाम बिघडवला होता, ती परत यावी म्हणून. हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

दादा येण्याच्या आधीच्या गुरुवारी प्रयोगशाळेत एक बाटली संपली. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार किती आहेत, हे हल्ली आम्ही एका रंगावरून ठरवतो. तो लालाचा निळा झाला की थांबायचं. तो रंगच संपला. भांडारपाल म्हणाला, पुढच्या आठवड्यात. नमुने तर येऊन पडलेले. तेव्हा मी जुनी पद्धत काढली, आमचे आधीचे साहेब वापरायचे ती. नमुना बाटलीत घ्यायचा, त्यात साबणाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, बूच लावून हलवायचं, बाटली आडवी ठेवायची आणि बघायचं फेस पाच मिनिटं टिकतो का. मी हलवली. बुडबुडे आले, काठावर करडी साय धरली, आणि बघता बघता सगळं बसलं. मी ती बाटली धरून उभीच राहिले. ही साय मी ओळखत होते. गेले सतरा दिवस ती माझ्या वाटीत येत होती.

मग एकेक गोष्ट उठून समोर आली. अण्णांचा हात 'जाण्याच्या' थोडं आधी आमच्या रस्त्याखालची जलवाहिनी दुरुस्तीला काढली होती आणि तेव्हापासून इमारतीला मागच्या बोअरचं पाणी चालू होतं. किटलीच्या बुडाशी पांढरा थर धरत होता, तो मी दर रविवारी खरवडत होते. माझे केस चरबट झाले होते, त्याचा दोष मी वयाला दिला होता. आणि त्या बोअरच्या पाण्याचा नमुना कुणी तपासला होता? इमारतीच्या सेक्रेटरींनी मोठ्या विश्वासाने माझ्याच हातात दिला होता. मी कपाट उघडून नोंद काढली. 'पाणी अतिशय जड. पिण्यास हरकत नाही.' खाली माझी सही, चांगली वळणदार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते बहुधा आमच्या खात्यासाठीच म्हटलं असावं. पिण्यास हरकत नव्हती, दाढीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. टेबलापाशी मी आकड्यांनी विचार करते आणि घरी आले की कारणं माणसात शोधते. फेस बसत होता म्हणून पातं खरवडत होतं, खरवडत होतं म्हणून अण्णा दाबत होते, दाबल्यावर कापत होतं, आणि कापायच्या भीतीने हात थरथरत होता. आम्ही सगळ्यांनी, डॉक्टरांनी, दादाने आणि सर्वांत आधी मी, एका माणसाला म्हातारा ठरवून टाकलं होतं. अंगण खरोखरच वाकडं होतं.

संध्याकाळी गॅरेजपाशी उतरून मी मोटारीच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा डबा घेतला. वाटेत मी वाक्यं जुळवत होते: अण्णा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. पण घरी आले आणि डबा कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. का ठेवला हे मला माहीत होतं. शुक्रवारी सकाळी ते पाणी मी मगात ओतलं, कोमट केलं, आणि काही न बोलता ब्रश फिरवला. फेस उठला. नुसता उठला नाही, दाटला, चकाकला, ब्रशचं टोक उभं राहिलं आणि जरासं वाकलं. गालावर लावला तर रेझर असा निघाला की आवाजच नाही. एकही काप नाही. अण्णांनी डोळे उघडले, बोटांवर थोडा फेस घेतला, चोळला, आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, आज तुझा हात बसला."

माझ्या बापाने मला दिलेली ही पहिली शाबासकी. परीक्षांमध्ये पहिली आले तेव्हा ते 'बरं' म्हणाले होते. आणि ही शाबासकी खोटी होती, बॅटरीच्या पाण्याची होती. मी ती घेतली. दिवसभर जवळ बाळगली. मी सांगितलं तर ती जाणार, आणि सकाळची पंचवीस मिनिटंही जाणार, कारण ज्याचा हात शाबूत आहे त्याला माझा कशाला लागेल? न सांगता काय बिघडतं, असंही मनात आलं. रविवारी दादाला गुळगुळीत अण्णा दिसतील, दादा परत जाईल, आणि मी आयुष्यभर साड्यांमागे डबे लपवीन. शनिवारी सकाळी पुन्हा तसाच फेस, तसेच गाल. अण्णा खुशीत होते. मला वाटलं, हे जमून गेलं.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेले तर पलंगावर बॅग उघडी होती. आत चार सदरे, स्वेटर, आईचा फोटो. ते रेझर फडक्यात गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, दादापाशी खोटं बोलायला जमणार नाही मला, तो विचारेल आणि मी सांगून टाकेन. मग म्हणाले, तू फार चांगलं शिकलीस, पण तू किती दिवस माझी हनुवटी धरून बसणार? तुला उशीर होतो, तुझी रोजची बस चुकते, मी बघतो. हात गेलेल्या माणसाने हट्ट करू नये. हे सगळं ते अगदी समजूतदारपणे बोलले. त्यांचा समजूतदारपणा मला सहन झाला नाही.

मी साड्यांमागून डबा आणला आणि पलंगावर, सदऱ्यांशेजारी ठेवला. आणि सांगितलं. बोअर, साय, सही, सगळं. सांगताना मी रडत होते की अहवाल वाचत होते, मला आठवत नाही. ते डब्यावरचं लेबल वाचत राहिले.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"आणि आज शनिवार."

"हो."

"म्हणजे कालचा फेस पाण्याचा होता."

"हो, अण्णा."

मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, डॉक्टरांनी धरायला लावले होते तसे, आणि त्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी परत धुतली.

रविवारी दादा आला तेव्हा अण्णा न्हाणीघरात उभे होते, दार सताड उघडं टाकून. त्यांनी दादाला आत बोलावलं. आरशाखाली बॅटरीच्या पाण्याचा डबा बघून दादा बावचळला. अण्णा म्हणाले, गाडी थंड पडली होती, चालू करतोय. मग त्यांनी स्वतः ब्रश फिरवला, स्वतः लावला, आणि रेझर उचलला. हात किंचित थरथरला, गालाला टेकला, आणि थांबला. मग तो हात खाली उतरला, साठ वर्षांच्या सवयीने, एकेक बाण पाळत, भोवऱ्यापाशी वळून. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. एक काप पडला, कानाखाली, मोहरीएवढा. अण्णांनी त्यावर तुरटी लावली आणि दादाला विचारलं, तुझ्या घरी पाणी कसलं आहे? दादाला सांगता येईना. बॅग त्याने स्वतःच माळ्यावर टाकली, जेवला, आणि जाताना जिन्यात मला म्हणाला, तू मला उगाच घाबरवलंस. संध्याकाळी अण्णा खाली बाकावर गेले. वरून मला दिसत होतं की ते तिघांना आपल्या गालावरून हात फिरवायला लावत होते. नुसताच निवृत्त होता त्याने दोनदा फिरवला. मी खिडकीत उभी राहून मोठ्याने हसले, आणि मग आत येऊन दिवा लावेपर्यंत मला फार एकटं वाटलं.

सोमवारी मला उशिरा उठायची मुभा होती. आता माझं काही काम नव्हतं. मी सावकाश आंघोळ केली, डबा भरला, पिशवी खांद्याला लावली. अण्णा रागावलेत की नाही हे मला अजून कळलं नव्हतं. शनिवारपासून त्यांनी मला एकदाही साहेब म्हटलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत आले तर खिडकीपाशी, उजेडात, खुर्ची ओढलेली होती. अण्णा तिच्यात बसले होते, गळ्याला टॉवेल, चष्मा काढून ठेवलेला. स्टुलावर वाटी होती, ब्रश भिजत घातला होता, रेझर धुऊन ठेवला होता. दाढी तशीच होती, एका रात्रीची.

"काय झालं?" मी विचारलं. "हात थरथरतोय का?"

"छे," ते म्हणाले. "हाताला काय धाड भरलीय?" आणि डोळे मिटून त्यांनी हनुवटी वर केली.